जुन्या हॉकीतले दणकट, अंगावर घेणारे खेळाडू: आठवणी सांगा

डावा_हाफ

भारतीय हॉकीचा विषय निघाला की आपण सगळे मनगटावर येऊन थांबतो. ध्यानचंदांचं मनगट, के. डी. सिंग बाबूंचा डॉज, मोहम्मद शाहिदचं ड्रिबलिंग, धनराज पिल्लेची धाव. या मंडळींबद्दल आदरच आहे. पण सध्या जुन्या फायनल्सबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मेलबर्न १९५६. पाकिस्तानविरुद्धची फायनल आपण १-० ने काढली. गोल रणधीरसिंग जंटल यांचा, शॉर्ट कॉर्नरवर (बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी, जवळून गोल मारायची संधी). खेळायचे फुलबॅकला, म्हणजे गोलकीपरच्या पुढच्या बचाव फळीत.

टोकियो १९६४. पुन्हा पाकिस्तान, पुन्हा १-०. पृथीपालसिंगांचा शॉर्ट कॉर्नरचा फटका गोललाइनवर मुनीर दर यांच्या पायावर बसला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदर लाल यांनी तो घातला. पृथीपाल फुलबॅक.

क्वालालंपूर १९७५. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये मलेशिया २-१ ने पुढे, मॅच संपत आलेली. अस्लम शेर खान बाकावरून उठून मैदानात आला, गळ्यातल्या तावीजाला ओठ लावले आणि शॉर्ट कॉर्नरवर बरोबरी केली. तोही फुलबॅक. फायनलमध्ये पाकिस्तान एक गोलने पुढे असताना बरोबरी साधली सुरजितसिंगने. फुलबॅकच. विजयी गोल अशोककुमारचा, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाचा, हे मान्य. पण तिथवर मॅच आणली कुणी?

मागे उभं राहून अंगावर चेंडू घेणाऱ्या या माणसांबद्दल मराठीत जवळपास काहीच सापडत नाही. तुम्ही ज्यांना पाहिलंय, ज्यांच्याबद्दल घरात वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय, त्यांच्याबद्दल लिहा. फुलबॅकच हवा असं नाही. गोलकीपर, हाफ (मधल्या फळीतला), मार खाऊन पुन्हा उठणारा फॉरवर्ड, सगळे चालतील.

गोलपोस्ट_मागे

उत्तम धागा. मग पहिलं नाव शंकर लक्ष्मण यांचं.

माणूस महूचा. लष्करात बँडमध्ये भरती झाला, पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीचा कॅप्टन म्हणून १९७९ मध्ये निवृत्त झाला. १९५६, १९६० आणि १९६४, तिन्ही ऑलिम्पिकच्या फायनल्स पाकिस्तानविरुद्ध, आणि तिन्हींत भारताच्या गोलमध्ये हा माणूस उभा. मेलबर्नला तर भारताने अख्ख्या स्पर्धेत ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. रोमला नसीर बुंदांचा एक गोल गेला आणि सुवर्ण गेलं. चार वर्षांनी टोकियोत शेवटच्या मिनिटांत पाकिस्तानने सगळं पणाला लावलं, आणि यांनी एकही आत जाऊ दिला नाही.

आता तेव्हाचा गोलकीपर डोळ्यांसमोर आणा. हेल्मेट नाही. छातीला काही नाही. पायाला क्रिकेटसारखे पॅड, त्याखाली बुटांवर किकर, हातात ग्लोव्ह्ज. बस. साधारण १६० ग्रॅमचा टणक चेंडू गवतावरून येताना कुठे उसळेल ते देवालाच ठाऊक. आजचा कीपर आडवा पडून सगळं अंग चेंडूसमोर टाकतो, कारण अंगावर तेवढं चिलखत असतं. तेव्हा डोकं खाली नेणं म्हणजे डोळा गमावण्याची तयारी ठेवणं.

१९६६ च्या आशियाई स्पर्धेत हेच कर्णधार होते आणि बँकॉकहून सुवर्ण आणलं. शेवट मात्र वाईट झाला. पायाला गँगरीन, हाताशी पैसे नाहीत, २००६ मध्ये महूलाच गेले. मराठा रेजिमेंटचा माणूस, अर्जुन आणि पद्मश्री दोन्ही मिळालेला, आणि आपल्या शाळकरी मुलांना नावही माहीत नाही. याचा मला खरंच राग येतो.

रेल्वे_कॉलनी

शंकर लक्ष्मण यांच्यासाठी +१००. वाचनखूण साठवली आहे.

शॉर्ट_कॉर्नर

डावा_हाफ, तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याच्यामागचं कारण खेळण्याच्या पद्धतीत आहे, ते सांगतो.

आज टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, शॉर्ट कॉर्नर म्हणजे ड्रॅग फ्लिक. चेंडू काठीच्या वाकाला चिकटवून ओढायचा आणि फेकायचा. गवतावर हे शक्यच नव्हतं. तेव्हा बॅकलाइनवरून पुश यायचा, डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकाला एक जण गुडघ्यावर बसून हाताने चेंडू थांबवायचा (हात लावायला तेव्हा परवानगी होती) आणि हात बाजूला होतो न होतो तोच मागून फुलबॅक पूर्ण ताकदीने हाणायचा. थांबवणाऱ्याची बोटं चेंडूपासून किती अंतरावर असायची याचा विचार करा. चेंडू नीट थांबला नाही, एक-दोन इंच जरी हलला, तरी काठी कुठे बसेल? मी शालेय स्पर्धांत हे थांबवायचं काम केलंय. डोळे चेंडूवर आणि कान मागच्या पावलांवर. फटका मारणाऱ्यावर विश्वास नसेल तर हात आपोआप आधीच निघतो आणि कॉर्नर वाया जातो.

त्यामुळे जोडी लागायची. आणि मारणारा असा लागायचा की ज्याच्या खांद्यात जोर आहे, पाय जमिनीत रोवलेले आहेत आणि जो शेवटच्या क्षणी डगमगत नाही. असा माणूस संघात बहुतेक वेळा फुलबॅकलाच असतो.

पृथीपालसिंगांना ‘शॉर्ट कॉर्नरचा बादशहा’ म्हणायचे ते उगाच नाही. टोकियोत त्यांच्या नावावर दहा गोल आहेत. फुलबॅकने दहा गोल! हॉकीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये त्यांनाच. नानकाना साहिबचा जन्म, फाळणीत सगळं मागे टाकून आलेलं कुटुंब. पुढे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात विद्यार्थी कल्याणाचं काम बघायचे. तिथेच १९८३ च्या मे महिन्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्याच जानेवारीत सुरजितसिंग मोटार अपघातात गेला. आठ महिन्यांच्या आत पंजाबने दोन असे फुलबॅक गमावले. जालंधरला सुरजितच्या नावाचं स्टेडियम आहे, स्पर्धाही होते.

खडकीकर

फॉरवर्डही चालेल म्हणालात म्हणून लिहितो.

धनराजला सगळे वेगासाठी ओळखतात. आम्ही खडकीची माणसं त्याला वेगळ्या गोष्टीसाठी मानतो. अॅम्युनिशन फॅक्टरीच्या वसाहतीतला काटकुळा पोरगा, मोडक्या काठ्या जोडून खेळलेला. आमच्या भागातली मैदानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात जमीन अशी कडक व्हायची की पडलं की गुडघ्याची सालपटं निघायची, आणि पावसाळा संपला की गवताखाली खड्डे दिसायचे नाहीत. त्यावर लष्कराच्या संघांतले दणकट जवान समोर. बारीक अंगाच्या पोराने तिथे टिकायचं तर दोनच मार्ग: चेंडू लवकर सोडा, नाहीतर पडून पुन्हा उठायला शिका. धनराज दुसऱ्या मार्गाने गेला.

आंतरराष्ट्रीय हॉकीत आल्यावर युरोपियन डिफेंडर त्याच्यावर दोन-दोन माणसं लावायचे. नडगीवर काठी, पाठीत खांदा, पळताना घोट्याला टोला. चिडायचा, अंपायरशी वाद घालायचा, त्याबद्दल टीकाही खूप झाली. पण पुढच्या मिनिटाला त्याच बाजूने, त्याच डिफेंडरच्या अंगावर पुन्हा धाव. बार्सिलोनापासून अथेन्सपर्यंत चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप. एवढी वर्षं एवढा मार खाऊन जो पहिल्या धावेच्या वेगाने धावतो त्याला मी नुसता कलाकार म्हणणार नाही. १९९८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण आलं तेव्हा कर्णधार तोच होता. फायनल टायब्रेकरवर गेली आणि आशिष बल्लाळने गोल अडवले, तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले होते.

एल्ब_किनारा

हॅम्बुर्गहून लिहितोय. थोडं विरुद्ध मत मांडतो, राग मानू नका.

दणकट खेळ आणि आडदांड खेळ यांत आपण सोयीने फरक करतो. आपला मारतो तो भक्कम, समोरचा मारतो तो रानटी. म्युनिक १९७२ ची फायनल घ्या. पश्चिम जर्मनीने मिखाएल क्राउझंच्या गोलवर पाकिस्तानला १-० हरवलं. भारतीय उपखंडात आजही लोक सांगतात की जर्मन अंगावर आले, अंपायरने डोळेझाक केली. इथे जुने खेळाडू सांगतात की आम्ही शिस्तीत बचाव केला. नंतर पाकिस्तानी खेळाडूंनी आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष रेने फ्रँक यांच्यावर पाणी ओतलं, पदक समारंभात पाठ फिरवली, खेळाडूंवर आजीवन बंदी आली आणि ती पुढे उठवलीही गेली. एवढ्या टोकाला गोष्ट का गेली? दोन्हीकडे अंगाचा खेळ म्हणजे काय याची समजच वेगळी होती.

इथे हिवाळ्यात सगळे हॉलमध्ये खेळतात. मैदान छोटं, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, फटका मारायला पूर्ण बंदी, फक्त पुश. त्यामुळे इथला मुलगा लहानपणापासून काठी जमिनीला सपाट टेकवून, गुडघा जवळजवळ फरशीला लावून अडवायला शिकतो. समोरचा ड्रिबलर त्या काठीवर येऊन आदळतो. आपल्याकडे डिफेंडर उभ्याने काठी पुढे खुपसायचा, चेंडू चोरायचा. आपल्याला त्यांचं अडवणं भिंतीसारखं वाटायचं आणि त्यांना आपलं खुपसणं धोकादायक. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिम्पिक टर्फवर आलं आणि त्या सपाट काठीला आणखी धार आली. आपण तिथे सातवे.

ज्यांना खरा जर्मन दणकटपणा बघायचा असेल त्यांनी कार्स्टन फिशरच्या जुन्या क्लिप शोधा. १९८४ ते १९९६ अशी चार ऑलिम्पिक, बार्सिलोनाचं सुवर्ण, फुलबॅक आणि शॉर्ट कॉर्नरचा मारा. त्याचा फटका फळीवर आपटल्याचा आवाज ऐकला की कळेल.

डावा_हाफ

@एल्ब_किनारा, राग कसला? असेच प्रतिसाद हवेत. सपाट काठीचा मुद्दा मला पूर्ण पटला.

फक्त एक सांगतो. माझ्या यादीत मुद्दाम नडग्या फोडणारे नाहीतच. टोकियोच्या फायनलमध्ये वातावरण इतकं तापलं होतं की अंपायरना खेळ थांबवून दोन्ही संघांना समज द्यावी लागली. त्या संघाचे कर्णधार चरणजितसिंग होते. चार वर्षांपूर्वी रोमला हा माणूस भरात होता, पण दुखापतीमुळे फायनल बाहेर बसून बघावी लागली आणि पाकिस्तान जिंकला. अशा माणसाच्या मनात १९६४ ला किती आग असेल! तरीही संघाने डोकं ठेवलं, माणसं कमी होऊ दिली नाहीत आणि एका स्ट्रोकवर मॅच काढली. माझ्या लेखी दणकटपणा हा आहे. राग असतो, ताकद असते, पण काठी चेंडूवरच जाते.

आणि बलबीरसिंग सीनियर. मेलबर्नला कर्णधार, अफगाणिस्तानविरुद्ध पाच गोल, त्यानंतर उजव्या हाताचं बोट जायबंदी. गटातल्या उरलेल्या मॅच बाहेर, जंटल यांनी कर्णधारपद सांभाळलं. सेमीफायनल आणि फायनलला बलबीर तसंच बोट घेऊन उतरले, कारण ते मैदानात नुसते असले तरी पाकिस्तानचे दोन डिफेंडर त्यांच्यामागे गुंतून राहणार होते.

राइट_आउट

सगळ्या प्रतिसादांत पुरुषच आहेत म्हणून लिहिते.

मी विद्यापीठ पातळीपर्यंत खेळले. आमच्या वेळी मुलींच्या संघाला मैदान मिळायचं ते मुलांचा सराव संपल्यावर, म्हणजे उजेड जायच्या वेळेला. एका मॅचमध्ये समोरच्या मुलीची काठी वर आली आणि माझा पुढचा दात गेला. अंपायरने ‘स्टिक्स’ दिलं, आमच्या बाईंनी रुमालात बर्फ गुंडाळून दिला आणि विचारलं, “खेळतेस ना?” खेळले. बदली खेळाडूच नव्हती! तोंडात घालायचा गार्ड मी त्यानंतर पहिल्यांदा पाहिला. आज शाळेतल्या मुलींना शिकवते तेव्हा गार्ड नसेल तर मैदानात सोडत नाही, कुणी कितीही रडलं तरी.

आपल्या पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मुलींनी सुवर्ण घेतलं. त्याच स्पर्धेत पुरुषांची फायनल आपण पाकिस्तानकडून ७-१ ने हरलो आणि आजही सगळी चर्चा त्या ७-१ चीच होते. मुलींच्या सुवर्णाबद्दल विचारलं तर लोक गप्प.

आणि २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमधली मुलींची ऑस्ट्रेलियाविरुद्धची क्वार्टर फायनल पुन्हा बघा. गुरजित कौरचा एक गोल, आणि नंतर सविता पुनिया. शॉर्ट कॉर्नरमागून शॉर्ट कॉर्नर, आणि ती बाहेर येऊन अंगावर घेतेय. १-०.

वांद्रे_पश्चिम

राइट_आउट ताई, एलायझा नेल्सन यांचं नाव काढलंत, फार बरं वाटलं.

मुंबईची बाजू मी मांडतो. आमच्याकडची हॉकी म्हणजे वांद्र्याची, माहीमची गोवन आणि ईस्ट इंडियन घरं, रेल्वेचे संघ, टाटा, महिंद्र. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गोलमध्ये मुंबईचे लिओ पिंटो होते. पावसाने चिखल झालेल्या वेम्ब्लीवर ब्रिटनला ४-० हरवलं त्या संघात. मुंबईच्या खेळाडूंना ‘स्टायलिश’ म्हणायचे. पण सोमय्या आणि जोकिम कार्व्हालो यांना हाफला खेळताना ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, आणि तरीही त्यांच्या बाजूने चेंडू घेऊन जाणं महाकठीण. समोरच्याने डॉज टाकायच्या आधीच हे जागेवर हजर. भक्कमपणाचा हा प्रकार टीव्हीवर दिसत नाही, स्टँडमधूनच कळतो.

चर्चगेटच्या मैदानावर उत्तरेकडचे संघ यायचे तेव्हा फरक स्पष्ट दिसायचा. पंजाब पोलीस, बीएसएफ. वॉर्म-अपलाच त्यांचे फुलबॅक एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत फटके मारायचे आणि आमच्या बाजूला बसलेले म्हातारे पारशी काका “बाप रे” म्हणून हसायचे. मॅच सुरू झाल्यावर मात्र त्याच काकांना सगळ्यात जास्त टाळ्या वाजवायच्या असायच्या त्या एखाद्या स्वच्छ टॅकलला, मग तो कुणाचाही असो. १९८२ चा वर्ल्ड कप मुंबईत झाला, गवतावर. कर्णधार सुरजित. आपण पाचवे आलो, त्याचं दुःख आहेच, पण सुरजितचा फटका जवळून ऐकलाय हे मी नातवंडांना सांगणार.

शॉर्ट_कॉर्नर

रशरचा विषय अजून कुणी काढला नाही. शॉर्ट कॉर्नरला पुश निघाला की गोललाइनवरून जो पहिला सुसाट बाहेर पळतो तो. फ्लिकर आणि गोल यांच्या मधोमध स्वतःचं शरीर नेणं हेच त्याचं काम.

पाकिस्तानच्या सोहेल अब्बासच्या काळात हे काम करणाऱ्यांबद्दल मला अपार आदर आहे. ३४८ आंतरराष्ट्रीय गोल करणारा माणूस समोर फ्लिक करतोय, आणि जुगराजसिंग त्याच्यावर धावतोय. जुगराजला मी आमच्या पिढीतला सगळ्यात निडर रशर मानतो. स्वतः फ्लिकर असल्यामुळे समोरचा कुठे टाकणार याचा त्याला अंदाज यायचा. २००३ मध्ये जालंधरजवळ मोटार अपघात झाला आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द विशीतच संपली.

त्याच्यासोबत मागे दिलीप तिर्की. सुंदरगडच्या सौनामारा गावचा. ४१२ सामने! मी त्याला फाउल करून चिडलेला कधी पाहिलं नाही. एवढा भारदस्त माणूस, पण काठी कायम खाली, समोरच्याला कडेला ढकलत नेणार आणि मग अलगद चेंडू काढून घेणार. एल्ब_किनारा म्हणतात ती सपाट काठी आपल्याकडे कुणाला जमली असेल तर त्याला.

रेल्वे_कॉलनी

आताच्या पोरांनाही थोडं श्रेय द्या मंडळी. अमित रोहिदासही सुंदरगडचाच, आणि रशरही. मास्क असतो हे खरं, पण मास्क चेहऱ्याला असतो. मांडी, पोट उघडंच.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं, काठी समोरच्याच्या तोंडाला लागली म्हणून. जुन्या काळात हे कार्ड निघालं असतं का? मला नाही वाटत. आपण दहा जणांनी जवळपास तीन क्वार्टर काढले, १-१ वर थांबवलं आणि शूटआउट ४-२ ने जिंकलो. त्या दिवशी बाकीच्या डिफेंडरांनी जे केलं ते या धाग्यात बसायलाच हवं.

एल्ब_किनारा

त्या कार्डावर इथल्या क्लबमध्येही दोन तट पडले होते. माझं मत: मुद्दाम नव्हतं, लाल जास्तच होतं. पण काठी तोंडाला लागली की कडक राहायला हवं. राइट_आउट यांचा दात वाचून तर अधिकच वाटतं.

खडकीकर

लाल जास्तच होतं. सहमत.

परगटसिंगचं नाव राहिलं! पर्थ १९८५, चॅम्पियन्स ट्रॉफी, जर्मनी ५-१ ने पुढे, मॅच संपायला थोडी मिनिटं बाकी. फुलबॅकची जागा सोडून हा माणूस चेंडू घेऊन सुटला आणि मॅच ५-५ झाली. एल्ब_किनारा, हा सामना तुमच्या क्लबमध्ये कुणाला आठवतो का ते विचाराच.

महू_छावणी

उशिरा आलो. शंकर लक्ष्मण यांच्यावर लिहिणाऱ्या भावाला नमस्कार. आमच्या गावची हॉकी खूप जुनी आहे. १९४८ चे कर्णधार किशनलाल हेही महूचे.

यादीत आणखी दोन नावं घाला, डावा_हाफ. मायकेल किंडो: १९७२ चं ऑलिम्पिक ब्राँझ आणि १९७५ चं सुवर्ण. क्वालालंपूरच्या त्या सेमीफायनलमध्ये अस्लम आत आला तो यांच्या जागी. सगळी स्पर्धा बचाव करायचा आणि ऐन वेळी बाहेर बसायचं, यालाही छाती लागते. दुसरे सिल्व्हानस डुंगडुंग, सिमडेग्याचे. मॉस्को १९८० ची फायनल, स्पेनविरुद्ध आपण ३-० पुढे होतो, मग स्पेनच्या हुआन अमातने एकट्याने तीन गोल केले. शेवटी ४-३. ती शेवटची मिनिटं मागे उभं राहून काढणाऱ्यांत हे होते. शाहिदचा गोल सगळ्यांना पाठ आहे, यांचं नाव विचारा कुणाला.

डावा_हाफ

दोन्ही घातली. किंडो यांच्याबद्दल आणखी माहिती असेल तर इथेच टाका. मी पुढच्या आठवड्यात फक्त १९७५ च्या बचाव फळीवर वेगळा धागा काढतोय, त्यात सुरजित, किंडो, अस्लम आणि कीपर अशोक दिवाण असे चौघे घेणार आहे. वांद्रे_पश्चिम, तुम्ही १९८२ च्या सुरजितवर सविस्तर लिहाल का?

वांद्रे_पश्चिम

लिहितो. रविवारपर्यंत वेळ द्या.